नकाशाच्या चौकटीखाली झाकला गेलेला प्रांत

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात तिएरा देल फ्युएगो या अर्जेंटिनाच्या अतिदक्षिणेकडील बेटांच्या प्रांतावर पानभर लेख प्रसिद्ध झाला. मराठी वृत्तपत्रात त्या प्रदेशाविषयी काही छापून येणे हेच दुर्मीळ, म्हणून मी तो मोठ्या आनंदाने वाचायला घेतला. पण वाचून झाल्यावर मन अस्वस्थ झाले. लेखात ‘जगाचे टोक’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, पेंग्विन येतात, जहाजे येतात, पण तो प्रांत आहे तसा का आहे याविषयी एक ओळही येत नाही. उलट केप हॉर्न या प्रांतात आहे, उशुआया हे दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीचे शेवटचे शहर आहे आणि तेथे वर्षभर बर्फ असते, अशी तीन चुकीची विधाने येतात. सोबतच्या नकाशात तर सूचीची चौकट नेमकी खालच्या कोपऱ्यात बसवल्यामुळे ज्या बेटावर लेख लिहिला आहे त्याचा निम्माअधिक भाग त्या चौकटीखाली गेला आहे. मी सातारा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत ३१ वर्षे भूगोल शिकवला आहे आणि काही वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, मुलगी कामानिमित्त ब्युनोस आयर्सला असताना, हा प्रांत रस्त्याने प्रवास करून पाहिला आहे. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझी हरकत नाही.

प्रथम चुका सांगून टाकते. केप हॉर्न हे टोक चिलीच्या हद्दीतील एका छोट्या बेटावर आहे. दक्षिण अमेरिकेची मुख्य भूमी मॅगेलनच्या सामुद्रधुनीवरील केप फ्रोवर्ड येथे संपते आणि तेही चिलीतच आहे. उशुआया सामुद्रधुनी ओलांडून पुढे, इस्ला ग्रांदे म्हणजे ‘मोठे बेट’ या नावाच्या बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, बीगल खाडीच्या काठी वसलेले आहे. (तेथील लोक या नावाचा उच्चार ‘उस्वाया’ असा करतात. आपल्याकडे रूढ झालेले रूपच मी येथे वापरते.) ‘जगातील सर्वांत दक्षिणेचे शहर’ हा मानही निर्विवाद राहिलेला नाही, कारण खाडीपलीकडे नावारिनो बेटावर चिलीचे पुएर्तो विल्यम्स आहे, ते उशुआयाच्या दक्षिणेस येते आणि चिलीने त्याला २०१९ मध्ये शहराचा दर्जा दिला आहे.

तिसऱ्या चुकीवर मात्र थांबावेसे वाटते, कारण तिच्या मागे एक समज आहे आणि तो आपल्या वर्गावर्गांतून तयार होतो. विषुववृत्तापासून जितके दूर तितकी थंडी अधिक, एवढे मुलांच्या डोक्यात पक्के बसते आणि गाडी तेथेच थांबते. उशुआया ५४ अंश ४८ मिनिटे दक्षिण अक्षांशावर आहे. उत्तर गोलार्धात साधारण याच अक्षांशावर, किंचित पुढे, मॉस्को आहे. मॉस्कोचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे ६ ते ७ अंश सेल्सिअस आणि जुलैचे १९ ते २० अंश, म्हणजे तापमानकक्षा २५ अंशांहून अधिक. उशुआयाचा सर्वांत थंड महिना जुलै, त्याची सरासरी शून्याच्या वर, २ अंशांच्या आसपास. सर्वांत उबदार महिना जानेवारी, त्याची सरासरी १० अंशांच्या आसपास. फरक अवघा ८ अंशांचा! मुंबईत जानेवारी आणि मे यांच्या सरासरीत सुमारे ६ अंशांचा फरक असतो, नागपूरला तो १४-१५ अंशांपर्यंत जातो. याचा अर्थ वार्षिक चढउताराच्या दृष्टीने उशुआया हे नागपूरपेक्षा मुंबईच्या जवळचे गाव आहे. ‘सम हवामान’ आणि ‘विषम हवामान’ हे दोन शब्द आपण मुलांकडून पाठ करून घेतो. त्यांचा अर्थ मुंबई-नागपूर या जोडीबरोबर उशुआया-मॉस्को ही जोडी फळ्यावर मांडल्याबरोबर कळतो. हे घडते ते समुद्रामुळे. ५५ अंश उत्तरेला युरोप-आशियाचा प्रचंड भूभाग आहे, आणि ५५ अंश दक्षिणेला जवळजवळ सगळे पाणीच आहे. तेथे हिवाळ्यात बर्फ पडते, डोंगरमाथे पांढरे राहतात, शहराच्या पाठीमागे मार्शल नावाची लहानशी हिमनदीही आहे, पण वर्षभर गोठलेले ते शहर नाही. तेथे खरी उणीव असते ती उन्हाळ्याची. २१ डिसेंबरला तेथे दिवस सुमारे १७ तासांचा असतो, तरीही गहू पिकण्याइतकी ऊब हवेत येत नाही.

याच पाण्यामुळे तेथे वारा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत दक्षिण गोलार्धातील पश्चिमी वाऱ्यांना ‘गरजणारे चाळीस’, ‘खवळलेले पन्नास’ आणि ‘किंचाळणारे साठ’ अशी नावे दिलेली आहेत आणि मुलांना ती फार आवडतात. उत्तरेत या वाऱ्यांना डोंगर, जंगले आणि खंडे अडवतात. दक्षिणेत ४० अंशांच्या पुढे वाऱ्याच्या वाटेत दक्षिण अमेरिकेची निमुळती शेपटी, न्यूझीलंड आणि टास्मानिया सोडले तर उभे राहायला कोणी नाही. तिएरा देल फ्युएगो बरोबर ‘खवळलेल्या पन्नासां’च्या वाटेत आहे. उशुआयाच्या पूर्वेला बीगल खाडीच्या काठाने जाताना मी एक लेंगा जातीचे झाड पाहिले. त्याचे खोड पूर्वेकडे इतके झुकलेले होते की शेंड्याला उभ्याने हात लागत होता, आणि सगळ्या फांद्या एकाच बाजूला, वाऱ्यात फडकत असलेल्या झेंड्यासारख्या. त्या दिवशी वारा पडलेला होता. तरीही ते झाड वाऱ्यातच उभे असल्यासारखे दिसत होते. खोडावर हिरवट, दाढीसारखी झुपके धरलेली वाढ होती. हातात घेऊन पाहिले तेव्हा आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफुलाची आठवण झाली, आणि ती योग्यच होती, कारण दोन्ही शैवाकच, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची एकत्र वाढ. मी फळ्यावर वाऱ्याचे बाण तीन दशके काढले, पण पश्चिमी वाऱ्यांची दिशा एखाद्या झाडात अशी कायमची कोरलेली पाहिली ती तेथेच.

आता पर्वताकडे येते. अँडीज उत्तर-दक्षिण जातो, हे आपण शिकवतो आणि ते ८ हजार किलोमीटरांपैकी बहुतेक अंतरापुरते खरे आहे. पण तिएरा देल फ्युएगोत पोहोचेपर्यंत हा पर्वत वळतो आणि पश्चिम-पूर्व पसरतो. बेटाच्या दक्षिण भागात त्याच्या रांगा किनाऱ्याला समांतर आडव्या पडलेल्या आहेत, पूर्वेला इस्ला दे लोस एस्तादोस या बेटापर्यंत त्या दिसतात आणि मग समुद्रात बुडतात. बुडाल्या तरी संपत नाहीत. समुद्रतळावरून त्या पूर्वेला साउथ जॉर्जियाकडे जातात, मोठे वळण घेतात आणि साउथ ऑर्क्नी बेटांवरून अंटार्क्टिक द्वीपकल्पावर पुन्हा वर येतात. पर्वताचे हे वळण ज्या स्कोशिया भूपट्टाभोवती आहे, त्याची आणि दक्षिण अमेरिकी भूपट्टाची सीमा खुद्द इस्ला ग्रांदेमधून जाते. त्या सीमेवर सुमारे १०० किलोमीटर लांब आणि अरुंद असे फान्यानो सरोवर आहे. बेटावरचे मूळचे रहिवासी, सेल्कनाम लोक, त्याला खामी म्हणत. १७ डिसेंबर १९४९ रोजी येथे मोठा भूकंप झाला आणि सरोवराच्या काठची जमीन खचली. वस्ती विरळ असल्याने त्या भूकंपाची जगात फारशी चर्चा झाली नाही, पण कोयनेच्या भूकंपाची आठवण असलेल्या सातारकरांना सरोवराच्या पूर्व टोकाच्या तोलविन गावी उभे राहून ते सरळ रेषेत पसरलेले पाणी पाहताना काय वाटेल, ते मी अनुभवले आहे.

वारा आणि पर्वत एकत्र आले की पर्जन्यछाया येतेच. माझा जिल्हा त्यासाठी आदर्श आहे: महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातील म्हसवडला पाचशेच्या आत-बाहेर. तिएरा देल फ्युएगोत वारे पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतात, त्यामुळे सर्वाधिक पाऊस आणि बर्फ चिलीच्या हद्दीतील डार्विन पर्वतरांगेवर पडते, आणि ईशान्येकडे सरकावे तसे ते कमी होत जाते. अर्जेंटिनाच्या हद्दीत उत्तरेकडील रिओ ग्रांदे शहराला वर्षाला ३०० ते ४०० मिलिमीटर पाऊस मिळतो. तेथे एकही झाड नाही. कोइरोन नावाच्या खरखरीत गवताची सपाट माळराने, मेंढ्या, ग्वानाको (उंटाच्या कुळातील रानटी प्राणी) आणि वारा. बसमधून तासन्‌तास तेच दिसत राहते, मग तोलविनच्या अलीकडे निरे जातीची खुरटी झाडे सुरू होतात, आणि फान्यानो मागे टाकून गारिबाल्दी घाट चढू लागलो की दाट लेंगा वने लागतात. मुंबई-गोवा महामार्गावरून उठून घाट चढून माणदेशात जावे, त्याच्या नेमका उलटा हा प्रवास आहे, आणि तो एका दिवसात होतो.

येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उशुआयाचा वार्षिक पाऊस सुमारे ५०० ते ५५० मिलिमीटर आहे. मुंबईत एकट्या जुलैत याहून अधिक पडतो, आणि म्हसवडला जवळपास इतकाच पडतो. म्हसवडला या पावसावर ज्वारी कशीबशी येते आणि दर काही वर्षांनी चारा छावण्या उघडाव्या लागतात. उशुआयाच्या परिसरात याच पावसावर दलदल होते! तेथे पाऊस बारा महिने थोडाथोडा येतो आणि थंडीमुळे त्याचे बाष्पीभवन फार कमी होते, म्हणून पडलेले पाणी जमिनीतच राहते. दऱ्यांच्या तळाशी स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते, मरते, पण थंड, आम्लधर्मी पाण्यात पुरते कुजत नाही. त्याच्यावर नवे वाढते, आणि असे वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर थर साठत काही हजार वर्षांत अनेक मीटर जाडीचे पीट तयार होते. मी अशा एका पीटभूमीवर लाकडी फळ्यांच्या वाटेवरून खाली एक पाय टाकून पाहिला. तांबूस-तपकिरी गादी घोट्यापर्यंत दबली, बुटाभोवती पाणी आले, आणि पाय काढल्यावर ती सावकाश पुन्हा वर आली. अर्जेंटिनातील बहुतेक पीटभूमी याच प्रांतात, विशेषतः पूर्वेकडील मित्रे द्वीपकल्पावर आहे, आणि प्रांताच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये तो भाग कायद्याने संरक्षित केला. या पीटमध्ये हजारो वर्षांचा कार्बन अडकून पडलेला आहे, तो उघडा पडला तर हवेत जाईल. आपल्या लेखात पेंग्विनांना दोन छायाचित्रे मिळाली. या पीटभूमीला एक ओळ तरी मिळायला हवी होती.

या भूगोलात माणसाने केलेल्या चुकांचे परिणामही तेथे स्पष्ट दिसतात. १९४६ मध्ये फरच्या व्यापारासाठी कॅनडातून बीव्हरच्या, म्हणजे झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणाऱ्या प्राण्याच्या, मोजक्या जोड्या आणून फान्यानोच्या परिसरात सोडण्यात आल्या. फरचा धंदा उभा राहिला नाही. बीव्हर मात्र वाढले, खाड्या पोहून चिलीच्या बेटांवर आणि पुढे मुख्य भूमीवर गेले, आणि आज त्यांची संख्या लाखाच्या घरात असल्याचे मानले जाते. उत्तर अमेरिकेतील अनेक झाडे बीव्हरने कुरतडली तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतात, पाण्यात उभी राहणारी काही झाडेही तेथे आहेत. लेंगाला हजारो वर्षांत असा प्राणी कधी भेटलाच नव्हता, त्यामुळे बीव्हरने बांध घालून पाणी साठवले की ती झाडे उभ्या उभ्या मरतात. रस्त्याकडेला अशी पांढरी पडलेली झाडे एकरांमागून एकर दिसतात. याच प्रांताने २०२१ मध्ये समुद्रात जाळ्यांचे पिंजरे टाकून सामन मासे वाढवण्यावर कायद्याने बंदी घातली, त्यामागे बीव्हरचा अनुभव असावा असे मला वाटते.

तिएरा देल फ्युएगो म्हणजे ‘अग्निभूमी’. १५२० मध्ये मॅगेलनची जहाजे सामुद्रधुनीतून जात असताना किनाऱ्यावर दिसलेल्या आगींमुळे हे नाव पडले. त्या आगी तेथे राहणाऱ्या लोकांच्या होत्या, आणि ते लोक तेथे कसे आले हा प्रश्न भूगोलाचाच आहे. हिमयुगाच्या अखेरीस समुद्राची पातळी खाली असताना आज जेथे सामुद्रधुनी आहे तेथून जमिनीवरून पलीकडे जाता येत होते. सुमारे आठ-दहा हजार वर्षांपूर्वी पाणी चढले आणि इस्ला ग्रांदे बेट झाले. ग्वानाको आणि कोल्हा आत राहिले, प्यूमा राहिला नाही. उत्तरेच्या माळावरील सेल्कनाम लोकांकडे होड्या नव्हत्या, कारण त्यांचे पूर्वज चालत आले होते आणि त्यांचे जगणे ग्वानाकोच्या शिकारीवर होते. दक्षिणेच्या खाड्यांतील यामाना, म्हणजेच यागान, यांचे सारे जगणे होडीवर होते. ते होडीतही विस्तव जपून नेत. एकाच बेटावर पर्वताच्या दोन बाजूंना दोन वेगळे भूगोल आणि दोन वेगळी जीवने!

यातले पुढचे मी हलक्या हाताने लिहू शकत नाही. १८८० नंतर सोन्याचा शोध घेणारे आले, त्यांच्यामागून मेंढ्यांची कुरणे आली, माळाला तारेची कुंपणे पडली, आणि सेल्कनाम लोकांना मारण्यासाठी बक्षिसे दिली गेली. उरलेल्यांना गोवर आणि क्षयाने गाठले. काही हजारांचा तो समाज १९३० पर्यंत शंभराच्या आसपास उरला. चिलीने सेल्कनाम लोकांना मूलनिवासी समाज म्हणून कायद्याने मान्यता दिली ती २०२३ मध्ये. यागान भाषा मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, नावारिनो बेटावरील क्रिस्तिना काल्देरोन, फेब्रुवारी २०२२ मध्ये वारल्या. लेखात ‘निर्मनुष्य, अस्पर्श भूमी’ असे शब्द आले आहेत. ते मागे घ्यावेत, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता ‘दुर्गम’ या शब्दाकडे येते, कारण माझे मुख्य म्हणणे त्याविषयी आहे. हा प्रांत दूर आहे तो केवळ अंतरामुळे दूर नाही. १८८१ मध्ये अर्जेंटिना आणि चिली यांनी सीमा ठरवली तेव्हा मॅगेलनच्या सामुद्रधुनीचे दोन्ही काठ चिलीकडे गेले, आणि इस्ला ग्रांदेवर केप एस्पिरितू सांतोपासून बीगल खाडीपर्यंत ६८ अंश ३४ मिनिटे पश्चिम रेखावृत्ताची सरळ रेषा मारली गेली. पर्वत, नदी, सरोवर, कशाचाही विचार त्या रेषेत नाही. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे ४८ हजार चौरस किलोमीटर आहे, त्यातील तीन पंचमांश चिलीला आणि दोन पंचमांश अर्जेंटिनाला आले. अर्जेंटिनाचा वाटा आपल्या कोकण विभागाहून लहान आहे. रिओ ग्रांदे नदी चिलीत उगम पावते आणि अर्जेंटिनात अटलांटिकला मिळते, तर फान्यानोचे पाणी अर्जेंटिनातून पश्चिमेला चिलीत उतरून पॅसिफिकच्या बाजूला जाते. खाडीच्या पूर्व तोंडावरील पिक्तोन, नुएवा आणि लेनोक्स या तीन लहान बेटांवरून दोन्ही देश डिसेंबर १९७८ मध्ये युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मध्यस्थीनंतर १९८४ च्या करारात ती बेटे चिलीकडे गेली.

या रेषेचा अर्थ मला बसमध्ये बसल्यावर कळला. मुख्य भूमीवरील रिओ गाय्येगोस येथून सकाळी निघून उशुआयाला रात्री पोहोचेपर्यंत मी अर्जेंटिनातून अर्जेंटिनातच जात होते. पण अर्जेंटिनातून बाहेर, चिलीत आत, चिलीतून बाहेर, पुन्हा अर्जेंटिनात आत, असे चार वेळा रांगेत उभे राहावे लागले आणि पासपोर्टवर चार शिक्के पडले. चिलीच्या नाक्यावर ताजी फळे नेऊ देत नाहीत, म्हणून माझ्या पिशवीतील सफरचंदे तेथेच टाकून द्यावी लागली. शेजारच्या सीटवरील एक आजीबाई मात्र सराईत होत्या. त्यांनी आपली फळे नाका येण्यापूर्वीच सोलून सगळ्यांना वाटून टाकली. पुढे सामुद्रधुनीच्या सर्वांत अरुंद जागी, जेथे ती जेमतेम चार किलोमीटर रुंद आहे, बस आणि मालाचे ट्रक एकाच फेरीबोटीवर चढतात आणि वीस मिनिटांत पलीकडे जातात. वारा फार असेल तर फेरी थांबते आणि दोन्ही काठांवर रांगा लागतात. ब्युनोस आयर्सहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांब आहे आणि उशुआयाजवळच्या लापाताया उपसागराशी संपतो. परंतु मधला तुकडा परदेशात आहे. आपल्याकडे ईशान्येच्या चिंचोळ्या वाटेविषयी किंवा त्रिपुराविषयी बोलताना ही अडचण आपल्याला चटकन समजते.

याच कारणाने तेथे लोक नेण्यासाठी राज्याला खटपट करावी लागली. उशुआयाची स्थापना १८८४ ची. पुढे तेथे कैद्यांचे तुरुंगगाव झाले आणि तुरुंग १९४७ मध्ये बंद झाला. १९७२ च्या १९६४० क्रमांकाच्या कायद्याने त्या प्रदेशाला करसवलती दिल्या, आणि रिओ ग्रांदेच्या वाऱ्यात टीव्ही आणि मोबाइल जुळवण्याचे कारखाने उभे राहिले. सुटे भाग आशियातून समुद्रमार्गे येतात आणि तयार माल तीन हजार किलोमीटर उत्तरेला, पुन्हा चिली ओलांडून, जातो. १९७० च्या सुमारास पंधरा हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या आज दोन लाखांच्या जवळ आली आहे. त्या प्रदेशाला प्रांताचा दर्जा मिळाला १९९० मध्ये, अर्जेंटिनाच्या २३ प्रांतांत सर्वांत शेवटी.

प्रांताचे पूर्ण नाव ‘तिएरा देल फ्युएगो, अंटार्क्टिका आणि दक्षिण अटलांटिक बेटे’ असे आहे. त्यातील माल्विनास, म्हणजे फॉकलंड बेटे, १८३३ पासून ब्रिटनच्या ताब्यात आहेत आणि १९८२ च्या युद्धानंतरही वाद कायम आहे. अंटार्क्टिकावरील दावा १९५९ च्या अंटार्क्टिक कराराने जागच्या जागी थांबवलेला आहे, आणि त्यावर ब्रिटन व चिलीचेही दावे आहेत. तेव्हा प्रत्यक्षात प्रांताचा कारभार चालतो तो इस्ला ग्रांदेच्या पूर्व भागावर आणि जवळच्या बेटांवर. मात्र २०१० च्या एका कायद्याने अर्जेंटिनाच्या शाळांत देशाचा दक्षिण अमेरिकेतील भाग आणि अंटार्क्टिकावरील दाव्याचा भाग एकाच प्रमाणात दाखवणारा नकाशा सक्तीचा झाला, आणि त्या नकाशात तिएरा देल फ्युएगो तळाशी न राहता देशाच्या मधोमध येतो. त्या दाव्याशी कोणी सहमत असो वा नसो, भूगोलाच्या शिक्षिकेला त्या नकाशापुढे उभे राहून विचार करावा लागतो. उशुआयापासून ब्युनोस आयर्स विमानमार्गे सुमारे २४०० किलोमीटर आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प सुमारे १००० किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीहून कमी. अंटार्क्टिकाला जाणारी बहुतेक पर्यटक जहाजे म्हणूनच येथून निघतात, आणि त्यांत आता मराठी पर्यटकही असतात. (आपल्या संशोधन मोहिमांचे काम गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय केंद्रातून चालते, मैत्री आणि भारती ही आपली केंद्रे खंडाच्या दुसऱ्या बाजूला असल्याने त्यांची वाट मात्र केप टाउनवरून जाते.)

रिओ ग्रांदेच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक फार मोठा आहे. ओहोटीला चिखलाचे मैदान कितीतरी दूरवर उघडे पडते. त्या चिखलातील शिंपले खाण्यासाठी उत्तर ध्रुवाजवळच्या कॅनडातून, सुमारे १५ हजार किलोमीटर उडून, तांबड्या छातीचे लहान किनारपक्षी दरवर्षी येतात. फेब्रुवारी १९९५ मध्ये तेथे एका पक्ष्याच्या पायात ओळखीचा पट्टा बसवला गेला, आणि पुढे बी ९५ या खुणेने ओळखला जाऊ लागलेला तो पक्षी जवळजवळ वीस वर्षे ये-जा करताना दिसत राहिला. त्याने एकूण कापलेले अंतर पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराहून अधिक भरते.

आपल्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे आणि ती चांगली आहे, परंतु त्यामुळे आमच्या मुलांची दक्षिण अमेरिका ब्राझीलपाशी थांबते. शाळेतील पृथ्वीगोलावर तर खालचा भाग आसाच्या पट्टीमागे जातो. अशा वेळी वृत्तपत्राचे पान हाच शिक्षकांचा आधार असतो. मी स्वतः कित्येक वर्षे आपली पुरवणी कापून वर्गात लावली आहे. म्हणून विनंती एवढीच की चुकांची दुरुस्ती छापावी आणि तिच्यासोबत नकाशा पुन्हा छापावा. त्यात मॅगेलनची सामुद्रधुनी आणि बीगल खाडी नावांसह असावी, १८८१ ची सरळ रेषा असावी, आडवा झालेला अँडीज आणि फान्यानो असावे, पश्चिमी वाऱ्यांचे बाण असावेत, आणि वादग्रस्त बेटे दोन्ही नावांनी, तुटक रेषेत दाखवावीत. सूचीची चौकट डावीकडे पॅसिफिक महासागरात बसवता येईल. तेथे तिच्याखाली काही झाकले जाणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, जि. सातारा